इमॅक्स लिस्पमध्ये नावे कुठे राहतात आणि कशी सापडतात: उपसर्ग, शॉर्टहँड आणि सिम्बॉलचा शोध

इमॅक्स या मजकूर-संपादकाची भाषा असलेल्या इमॅक्स लिस्पमध्ये नावांना कुंपण नाही. कॉमन लिस्पमध्ये पॅकेज असते, पायथॉनमध्ये मॉड्यूल असते, आणि एका मॉड्यूलमधील नाव दुसऱ्यातील त्याच नावाशी भांडत नाही. इमॅक्समध्ये मात्र आपण घरच्या कामासाठी लिहिलेले चार ओळींचे फंक्शन, ऑर्ग-मोड या टिपणांच्या पॅकेजची असंख्य फंक्शने आणि संपादकाच्या गाभ्यातील सी भाषेत लिहिलेली मूळ फंक्शने ही सारी एकाच यादीत शेजारीशेजारी राहतात. त्यामुळे दोन फाइलींनी एकच नाव वापरले, तर नंतर लोड झालेली फाइल पहिलीचे फंक्शन पुसून टाकते, आणि त्याबद्दल इमॅक्स एका शब्दानेही सूचना देत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते चांगले आहेत. पण ते नीट वापरायचे असतील, तर नावाचा शोध दोन निरनिराळ्या क्षणी होतो, हे आधी पक्के समजून घ्यावे लागते. मजकुरातील अक्षरांपासून सिम्बॉलपर्यंतचा (म्हणजे त्या नावाच्या स्मृतीतील वस्तूपर्यंतचा) प्रवास रीडर, म्हणजे कोडचा मजकूर वाचणारा इमॅक्सचा भाग, करतो, आणि तो कोड वाचला जात असतानाच संपतो. सिम्बॉलपासून त्याच्या मूल्यापर्यंत किंवा फंक्शनपर्यंतचा प्रवास कोड चालताना होतो. उपसर्ग, शॉर्टहँड (नावांची लघुरूपे), लेट (व्हेरिएबलला तात्पुरते मूल्य देणारी रचना), खासगी ओबअ‍ॅरे (नावांचे कोठार) या प्रत्येक गोष्टीबद्दल ‘ही पहिल्या क्षणी काम करते की दुसऱ्या’ असा प्रश्न विचारला, की बहुतेक गोंधळ सुटतो. या लेखाची मांडणी त्याच प्रश्नाभोवती केली आहे.

उदाहरण म्हणून बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका लहान मराठी वाचनालयाची ग्रंथसूची घेतली आहे. तेथील पुस्तकांची नोंद, देवघेव आणि वर्गणी यांच्यासाठी तिघाचौघांनी मिळून इमॅक्समध्ये लहान लहान फाइली लिहिल्या आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन यांना बोलावून ज्या शहरात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले, तेथे हे उदाहरण घेणे स्वाभाविकही आहे. व्यवहाराची एक सूचना सुरुवातीलाच देतो: इमॅक्सच्या मूळ फंक्शनांची आणि आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, यंत्रावर टंकताना ती त्यांच्या मूळ रोमन स्पेलिंगनेच लिहावीत. वाचनालयाच्या कोडमधील ‘ग्रंथसूची-नोंद’ यांसारखी नावे मात्र खरोखरच देवनागरीत आहेत, कारण सिम्बॉलच्या नावात इमॅक्स कोणत्याही लिपीची अक्षरे स्वीकारतो.

तयारी

शॉर्टहँडची सोय इमॅक्स २८.१ मध्ये, म्हणजे २०२२ साली आली. म्हणून आधी ‘मेटा-एक्स इमॅक्स-व्हर्जन’ ही आज्ञा (मेटा म्हणजे सहसा ऑल्ट ही कळ) चालवून आपली आवृत्ती त्याहून जुनी नाही ना, हे पाहावे. त्यानंतर ‘मेटा-एक्स आयईएलएम’ ही आज्ञा द्यावी. एक बफर, म्हणजे मजकुराची उघडी जागा, उघडतो, त्यात लिस्पची ओळ लिहून एंटर दाबले की उत्तर लगेच खाली येते. पुढचे प्रयोग तेथेच करावेत. नुसते वाचून हा विषय हाताला लागत नाही.

सिम्बॉल आणि त्याचे चार कप्पे

सिम्बॉल ही नुसती अक्षरांची ओळ नव्हे, ती स्मृतीत जागा असलेली वस्तू आहे. तिला चार कप्पे असतात: नाव, मूल्य, फंक्शन आणि गुणधर्मांची यादी. ते पाहण्यासाठी अनुक्रमे ‘सिम्बॉल-नेम’, ‘सिम्बॉल-व्हॅल्यू’, ‘सिम्बॉल-फंक्शन’ आणि ‘सिम्बॉल-पीलिस्ट’ ही फंक्शने आहेत. मूल्याचा आणि फंक्शनचा कप्पा वेगळा असल्यामुळे ‘लिस्ट’ नावाचे स्थानिक व्हेरिएबल ठेवूनही ‘लिस्ट’ हे फंक्शन निर्धास्तपणे वापरता येते: कंसात पहिल्या जागी आलेले नाव फंक्शनच्या कप्प्यात शोधले जाते आणि अन्यत्र आलेले नाव व्हेरिएबल म्हणून. त्रुटी आली, तर ‘व्हॉइड-फंक्शन’ आणि ‘व्हॉइड-व्हेरिएबल’ हे दोन संदेश नेमका कोणता कप्पा रिकामा सापडला ते सांगतात. संदेश वाचताना एवढा एक शब्द नीट पाहिला, तरी शोधाची दिशा ठरते.

रीडर नाव केव्हा ठरवतो

सर्व सिम्बॉल ज्या कोठारात नोंदले जातात त्याला ओबअ‍ॅरे म्हणतात. ग्रंथालयातील कार्डांच्या कपाटासारखे ते चालते: नाव विचारले की कार्ड असल्यास तेच मिळते आणि नसल्यास त्याच क्षणी नवे कार्ड लिहून कपाटात ठेवले जाते. हे काम ‘इंटर्न’ करते. ‘इंटर्न-सॉफ्ट’ मात्र फक्त पाहते. सिम्बॉल नसेल तर निल (लिस्पमधील ‘नाही’ किंवा ‘काही नाही’) देते आणि नवे काही तयार करत नाही. आता आयईएलएममध्ये पुढील तीन ओळी याच क्रमाने चालवाव्यात.

(इंटर्न-सॉफ्ट "ग्रंथसूची-चाचणी")
उत्तर: निल

(इफ निल ग्रंथसूची-चाचणी)
उत्तर: निल

(इंटर्न-सॉफ्ट "ग्रंथसूची-चाचणी")
उत्तर: ग्रंथसूची-चाचणी

मधल्या ओळीकडे बारकाईने पाहावे. ‘इफ’ची अट निल आहे, म्हणून ‘ग्रंथसूची-चाचणी’पर्यंत अंमलबजावणी पोहोचलीच नाही. त्या व्हेरिएबलला मूल्य नाही, आणि ते कोणी वाचायला गेलेही नाही, म्हणून त्रुटीही आली नाही. तरीसुद्धा तिसऱ्या ओळीत सिम्बॉल हजर आहे, कारण अंमलबजावणी सुरू होण्याच्या आधीच रीडरने ती संपूर्ण ओळ वाचली होती आणि वाटेत दिसलेले प्रत्येक नाव ओबअ‍ॅरेमध्ये नोंदवून टाकले होते. या तीन ओळींत पुढील सगळ्या विवेचनाचा पाया आहे. कोड चालू लागतो तेव्हा त्यात नावे उरलेलीच नसतात, थेट सिम्बॉल असतात.

यातून एक गोष्ट ओघाने येते. कोड चालत असताना केलेली कोणतीही युक्ती त्याच कोडमधील नावांचा अर्थ बदलू शकत नाही. काही जण ‘लेट’ने ओबअ‍ॅरेला तात्पुरते नवे, रिकामे कोठार देतात आणि त्या लेटच्या आत फंक्शनची व्याख्या करणारे ‘डीफन’ लिहितात. आतील नावे नव्या कोठारात जातील, अशी त्यांची अपेक्षा असते. ती जात नाहीत. बाहेरचा कंस बंद होईपर्यंत रीडरने आतील सर्व नावे जुन्या कोठारात नोंदवलेली असतात.

दोन फाइलींची टक्कर

वाचनालयात एका फाइलीत पुस्तकाची नोंद करणारे ‘नोंद’ नावाचे फंक्शन होते. वर्गणीचा हिशेब पाहणाऱ्या काकांनी आपल्या फाइलीत वर्गणी जमा करणाऱ्या फंक्शनलाही ‘नोंद’ असेच नाव दिले होते. दोन्ही फाइली स्वतंत्रपणे निर्दोष होत्या. एकत्र लोड केल्यावर पुस्तकाचे शीर्षक वर्गणीच्या फंक्शनकडे जाऊ लागले आणि ‘राँग-टाइप-आर्ग्युमेंट’ असा संदेश दिसू लागला, ज्यात टकरीचा पुसटही उल्लेख नव्हता.

कारण आता स्पष्ट आहे. दोन्ही फाइली वाचताना रीडरने ‘नोंद’ला एकच सिम्बॉल दिला, दोन्ही ‘डीफन’नी त्याच सिम्बॉलच्या फंक्शन-कप्प्यात लिहिले, आणि पहिल्या फाइलीतील बाकीची फंक्शने ‘नोंद’ला बोलावतात तेव्हा तो कप्पा त्या क्षणी उघडून पाहिला जातो. एकाच फाइलीत एका नावाची व्याख्या दोनदा आली, तर कोड आधीच भाषांतरित करून ठेवणारा बाइट-कंपायलर इशारा देतो. दोन फाइलींमधील टक्कर त्याला दिसत नाही.

असे झाल्याचा संशय आला, तर ‘कंट्रोल-एच ओ’ दाबून ते नाव द्यावे. ‘डिस्क्राइब-सिम्बॉल’ ही आज्ञा त्या सिम्बॉलचे फंक्शन, व्हेरिएबल आणि फेस (अक्षरांची रंग-शैली) असे जे काही असेल ते एकाच ठिकाणी दाखवते आणि फंक्शन कोणत्या फाइलीत लिहिले आहे तेही सांगते. तेथे आपली फाइल सोडून दुसरीच दिसली, की तपास संपला. फाइलींची नावेच सारखी असल्याची शंका असेल, तर ‘मेटा-एक्स लिस्ट-लोड-पाथ-शॅडोज’ ही आज्ञा लोड-पाथमध्ये (इमॅक्स जेथे फाइली शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) एकमेकींना झाकणाऱ्या फाइलींची यादी देते.

उपसर्ग

इमॅक्सच्या जगात यावरचा रूढ उपाय साधा आहे. प्रत्येक पॅकेजने एक उपसर्ग निवडावा आणि आपले प्रत्येक जागतिक नाव त्यानेच सुरू करावे. आपल्या उदाहरणात पुस्तकांच्या फाइलीसाठी ‘ग्रंथसूची-’ आणि वर्गणीच्या फाइलीसाठी ‘वर्गणी-’ असे उपसर्ग ठेवले, म्हणजे ‘ग्रंथसूची-नोंद’ आणि ‘वर्गणी-नोंद’ हे दोन वेगळे सिम्बॉल होतात. जे नाव पॅकेजच्या आतच वापरायचे आहे, त्यात उपसर्गानंतर दोन आडव्या रेघा देतात: ‘ग्रंथसूची--शीर्षक-साफ’. भाषा हा नियम लादत नाही. बाहेरून कोणीही ते फंक्शन बोलावू शकतो. पण दोन रेघा दिसल्या की ‘हे उद्या बदलू शकते, यावर विसंबू नका’ हे वाचणाऱ्याला कळते, आणि हा संकेत इमॅक्सचे सर्व जाणते लेखक पाळतात.

‘प्रत्येक जागतिक नाव’ हे शब्द शब्दशः घ्यावेत. फंक्शनांना उपसर्ग देऊन लोक थांबतात आणि की-मॅप (कळांचे तक्ते), हुक (ठरावीक वेळी चालणाऱ्या फंक्शनांच्या याद्या), फेस, कस्टमाइझचे गट यांना विसरतात. फाइलीच्या शेवटच्या ओळीत, ती लोड झाल्याचे जाहीर करणाऱ्या ‘प्रोव्हाइड’ला दिलेले नावही सिम्बॉलच असते आणि तेही सर्वांच्या सामायिक यादीत जाते, म्हणून तेथे नुसते ‘साधने’ यासारखे मोघम नाव देऊ नये.

या शिस्तीची किंमत न पाळल्यास किती मोठी असते, याचे उदाहरण इमॅक्सच्याच इतिहासात आहे. कॉमन लिस्पमधील सोयी पुरवणारी जुनी ‘सीएल’ लायब्ररी ‘फ्लेट’, ‘लूप’, ‘रिमूव्ह-इफ’ अशी उपसर्गाविना नावे थेट जागतिक कोठारात टाकत असे. त्यामुळे इमॅक्ससोबत येणाऱ्या पॅकेजांना ती प्रत्यक्ष चालताना लोड करण्याची मनाई होती. फक्त कंपाइल करताना वापरण्याची मुभा होती. २०१३ साली इमॅक्स २४.३ सोबत ‘सीएल-लिब’ आली, तिने प्रत्येक नावापुढे ‘सीएल-’ लावले आणि ती मनाई निरर्थक झाली. जुनी लायब्ररी पुढे २७.१ मध्ये कालबाह्य ठरवण्यात आली. जी टक्कर अनेक वर्षे नियमांनी टाळली जात होती, ती तीन अक्षरांच्या उपसर्गाने मिटली.

शॉर्टहँड

उपसर्गाचा एकच खरा त्रास आहे: नावे लांब होतात. ‘ग्रंथसूची-’ ही अक्षरे एका फाइलीत शेकडो वेळा लिहावी आणि वाचावी लागतात. छोटा उपसर्ग घेतला, तर टक्कर होण्याची शक्यता वाढते. शॉर्टहँड नेमकी ही ओढाताण सोडवते, आणि ती मला अतिशय सुबक वाटते, कारण ती योग्य जागी, म्हणजे रीडरच्या दारात, उभी आहे. फाइलीत आपण ‘ग-नोंद’ लिहितो. रीडर ते वाचतानाच ‘ग्रंथसूची-नोंद’ असे करतो आणि मगच ओबअ‍ॅरेकडे जातो. ‘ग-नोंद’ नावाचा सिम्बॉल जन्मालाच येत नाही.

ती सुरू करण्यासाठी फाइलीच्या अगदी शेवटी पुढील ओळी लिहाव्यात.

;; लोकल व्हेरिएबल्स:
;; रीड-सिम्बॉल-शॉर्टहँड्स: (("ग-" . "ग्रंथसूची-"))
;; एंड:

हा भाग फाइलीच्या शेवटच्या ३००० अक्षरांच्या आत असावा लागतो, अन्यथा इमॅक्स तो पाहत नाही. डाव्या बाजूला लघुरूप, मग मोकळी जागा, टिंब आणि पुन्हा मोकळी जागा, उजव्या बाजूला पूर्ण उपसर्ग. दोन्हींच्या शेवटची आडवी रेघ विसरू नये. ‘ग’ एवढेच लिहिले, तर ‘गणना’ यासारखे स्थानिक नावही शॉर्टहँड समजले जाईल. ओळी लिहून फाइल सेव्ह करावी आणि ‘मेटा-एक्स नॉर्मल-मोड’ ही आज्ञा चालवावी, म्हणजे उघड्या बफरला नवी माहिती मिळते. आता फाइलीत असे लिहिता येते:

(डीफन ग-नोंद (शीर्षक)
  (ग--यादीत-टाक (ग--शीर्षक-साफ शीर्षक)))

बफरमध्ये ‘ग-’ एवढा भाग वेगळ्या रंगात दिसू लागला, तर शॉर्टहँड लागू झाली असे समजावे. ‘ग--शीर्षक-साफ’ याचेही ‘ग्रंथसूची--शीर्षक-साफ’ होते, कारण ‘ग-’ नंतरची दुसरी रेघ जशीच्या तशी राहते. फाइल लोड करून आयईएलएममध्ये (इंटर्न-सॉफ्ट "ग-नोंद") विचारावे: उत्तर निल येईल. "ग्रंथसूची-नोंद" विचारले, की सिम्बॉल मिळेल.

दुसऱ्याच्या पॅकेजसाठीही शॉर्टहँड वापरता येते आणि तिचा तो उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. वर्गणीची फाइल ‘ग्रंथसूची-’मधील अनेक फंक्शने बोलावत असेल, तर त्या फाइलीने स्वतःसाठी हवे ते लघुरूप ठरवावे, मूळ फाइलीला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘एस’ आणि ‘डॅश’ यांसारख्या लोकप्रिय लायब्ररींनी एका अक्षराचे किंवा नुसत्या आडव्या रेघेचे उपसर्ग घेऊन सामायिक कोठारातील मोठी जागा व्यापली. लेखकाने पूर्ण नाव ठेवावे आणि वापरणाऱ्याने आपल्या फाइलीत ते आखूड करावे, हा शॉर्टहँडचा मार्ग सर्वांच्या सोयीचा आहे.

काही ठिकाणी मात्र सावध राहावे लागते. शॉर्टहँड हे कुंपण नव्हे. ती लिहिण्याची सोय आहे, आणि पूर्ण नाव सर्वांना खुलेच राहते. त्रुटीचे संदेश, मदतीची पाने आणि छापलेले निकाल पूर्ण नावच दाखवतात. फाइलींत मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या साधनाने ‘ग्रंथसूची-नोंद’ शोधले, तर ज्या फाइलीत ‘ग-नोंद’ असे लिहिले आहे ती फाइल हाती लागत नाही, हा या सोयीचा सर्वांत मोठा तोटा आहे. अनेकांनी मिळून सांभाळायच्या कोडमध्ये लघुरूपे थोडी आणि सर्व फाइलींत तीच ठेवावीत. ‘ग-’ आणि ‘ग-न-’ अशी एकमेकांत सामावणारी दोन लघुरूपे एकाच फाइलीत घेऊ नयेत. एखादे नाव शॉर्टहँडपासून वाचवायचे असेल, तर त्यापुढे हॅशचे चिन्ह आणि खालची रेघ द्यावी, मग रीडर ते जसेच्या तसे घेतो. केवळ विरामचिन्हांनी बनलेली नावे, उदाहरणार्थ वजाबाकीचे चिन्ह, शॉर्टहँडमधून आपोआप वगळलेली असतात.

सर्वांत अवघड जागा आहे ती स्ट्रिंगमधून नाव बनवण्याची. मॅक्रोमध्ये (म्हणजे कोड तयार करणाऱ्या कोडमध्ये) ‘कॉनकॅट’ने अक्षरे जोडून ‘इंटर्न’ करताना पूर्ण उपसर्गच लिहावा. लघुरूपे बफरशी बांधलेली असतात, आणि मॅक्रो उलगडताना किंवा फंक्शन चालताना जो बफर समोर असेल तो आपल्या फाइलीचाच असेल, याची खात्री देता येत नाही. याच कारणाने ‘मेटा-कोलन’ने मिनीबफरमध्ये काही चालवतानाही पूर्ण नाव लिहिण्याची सवय ठेवावी.

फंक्शनच्या आतील नावे

येथपर्यंत आपण पहिल्या क्षणाबद्दल बोललो. आता दुसरा. फाइलीच्या पहिल्या ओळीत लेक्सिकल-बाइंडिंगची खूण असली पाहिजे. ही सोय २०१२ मध्ये इमॅक्स २४.१ सोबत आली, आणि इमॅक्स ३० पासून ती खूण नसल्यास बाइट-कंपायलर इशारा देतो. खूण असेल तर ‘लेट’ने किंवा आर्ग्युमेंटने दिलेले नाव फक्त त्या कंसात लिहिलेल्या मजकुरापुरते खरे असते. ‘शीर्षक’, ‘यादी’, ‘क्रमांक’ ही स्थानिक नावे त्यामुळे उपसर्गाविना निर्धास्त वापरावीत. ‘ग्रंथसूची-नोंद’मधील ‘शीर्षक’ तिने बोलावलेल्या फंक्शनला दिसत नाही. म्हणूनच ‘सिम्बॉल-व्हॅल्यू’ आणि ‘बाउंडपी’ यांना अशी नावे सापडत नाहीत: ती सिम्बॉलच्या कप्प्यात नसतातच.

हा नियम ‘डीफव्हार’ मोडते. ‘डीफव्हार’ने जाहीर केलेले व्हेरिएबल विशेष ठरते, आणि त्यानंतर ‘लेट’ त्याला डायनॅमिक पद्धतीने बांधते, म्हणजे त्या लेटच्या काळात चालणाऱ्या प्रत्येक फंक्शनला नवे मूल्य दिसते. कोणी उपसर्गाविना ‘डीफव्हार यादी निल’ असे मूल्यासह लिहून ठेवले, तर जगातील प्रत्येक पॅकेजमधील ‘यादी’ नावाचे स्थानिक व्हेरिएबल गुपचूप डायनॅमिक होऊ शकते. उपसर्ग नसलेले ‘डीफव्हार’ हा मी इमॅक्स लिस्पमधील सर्वांत घातक निष्काळजीपणा मानतो. विशेष व्हेरिएबलचे मूल्य शोधताना आधी चालू बफरचे स्थानिक मूल्य पाहिले जाते, ते नसेल तर सर्वसाधारण मूल्य. ‘सेट-क्यू-लोकल’ने स्थानिक मूल्य बदलता येते आणि ‘डिफॉल्ट-व्हॅल्यू’ने सर्वसाधारण मूल्य पाहता येते.

स्थानिक फंक्शन हवे असेल, तर ‘सीएल-फ्लेट’ घ्यावे आणि ते स्वतःलाच बोलावणार असेल, तर ‘सीएल-लेबल्स’. दोन्हींचा परिणाम त्या कंसातील मजकुरापुरताच असतो. याउलट ‘सीएल-लेटएफ’ने एखाद्या सिम्बॉलचा फंक्शन-कप्पा तात्पुरता बदलला, तर आतून बोलावलेल्या, दुसऱ्या फाइलीतील फंक्शनांनाही तो बदल दिसतो. चाचण्या लिहिताना ते उपयोगी पडते. नेहमीच्या कोडमध्ये टाळावे.

खासगी ओबअ‍ॅरे

‘ओबअ‍ॅरे-मेक’ने स्वतःचे कोठार करता येते, आणि ‘इंटर्न’ला दुसरे आर्ग्युमेंट म्हणून ते दिले, तर त्याच नावाचा अगदी निराळा सिम्बॉल तयार होतो. कोडसाठी नेमस्पेस म्हणून त्याचा उपयोग का होत नाही, हे वर आलेच आहे. आणि रीडरलाच ते कोठार देऊन फाइल वाचली, तर ‘डीफन’ आणि ‘लेट’सुद्धा त्यात नव्याने, रिकाम्या कप्प्यांनिशी जन्म घेतात, म्हणजे काहीच चालत नाही. त्याचा योग्य उपयोग नावांच्या तक्त्यासाठी आहे. इमॅक्सचे ॲब्रेव्हचे तक्ते ओबअ‍ॅरेच असतात, आणि ‘कंप्लीटिंग-रीड’ पर्यायांची यादी म्हणून ओबअ‍ॅरे स्वीकारते. नव्या कोडमध्ये मी तरी अशा कामासाठी हॅश-टेबल घेईन. ओबअ‍ॅरे आतून कसा असतो यावरही विसंबू नये: पूर्वी तो साधा व्हेक्टर होता, इमॅक्स ३० मध्ये तो स्वतंत्र प्रकार झाला. मॅक्रोमध्ये तात्पुरते नाव हवे असेल, तर ‘जेनसिम’ वापरावे. तो सिम्बॉल कोणत्याच कोठारात नोंदला जात नसल्यामुळे त्याची कोणाशीही टक्कर होणे शक्य नाही.

व्याख्येपर्यंत पोहोचणे

नावावर कर्सर ठेवून ‘मेटा-टिंब’ दाबले की इमॅक्स व्याख्येच्या ओळीवर नेतो, आणि शॉर्टहँडने लिहिलेल्या नावावरही हे चालते. ‘कंट्रोल-मेटा-आय’ने अर्धवट नाव पुरे करून मिळते. हे दोन्ही चमत्कार नाहीत, आणि त्यांची रीत ठाऊक असली, की ते केव्हा चुकतील हेही सांगता येते. फाइल लोड होताना तिने कोणकोणती नावे जाहीर केली याची नोंद ‘लोड-हिस्टरी’ या व्हेरिएबलमध्ये राहते. ‘मेटा-टिंब’ तेथून फाइल काढते आणि मग त्या फाइलीच्या मजकुरात व्याख्येची ओळ शोधते. म्हणून जी फाइल लोडच केलेली नाही, तिच्यातील नाव सामान्यतः सापडत नाही. आधी ती लोड करावी.

मॅक्रोने बनवलेल्या फंक्शनांपाशी हा शोध अडतो. समजा, एका मॅक्रोने ‘ग्रंथसूची-शोध-लेखक’, ‘ग्रंथसूची-शोध-विषय’ आणि ‘ग्रंथसूची-शोध-प्रकाशक’ ही तीन फंक्शने तयार केली. यांतील एकही नाव फाइलीच्या मजकुरात पूर्ण स्वरूपात लिहिलेले नाही, म्हणून फाइल उघडते पण ओळ सापडत नाही. उपाय सिम्बॉलच्या चौथ्या कप्प्यात आहे. प्रत्येक तयार सिम्बॉलवर ‘डेफिनिशन-नेम’ हा गुणधर्म ‘पुट’ने ठेवावा आणि त्याचे मूल्य म्हणून असा सिम्बॉल द्यावा, ज्याची व्याख्या मजकुरात प्रत्यक्ष आहे आणि जो या तिघांना जन्म देतो. मॅक्रोच्या आत ही एक ओळ घातली, की पुढे कोड वाचणाऱ्या प्रत्येकाचे श्रम वाचतात. मॅक्रो लिहिणाऱ्याने ही ओळ घालणे मला सौजन्याचा भाग वाटते.

देवनागरी नावांचे पथ्य

देवनागरीत नावे लिहिणाऱ्यांसाठी रीडरची आणखी एक सवय महत्त्वाची आहे. तो युनिकोडचे एकसारखेकरण करत नाही. संकेतांकांची ओळ तंतोतंत जुळली तरच नाव तेच मानतो. ‘ग्रंथसूची-दुसऱ्या-प्रती’ हे नाव घ्या. त्यातील ‘ऱ’ तीन प्रकारे लिहिला गेलेला असू शकतो: ०९३१ या एकाच संकेतांकाने, ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन संकेतांकांनी, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर अशा जोडणीने. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. ओबअ‍ॅरेमध्ये ते तीन वेगळे सिम्बॉल असतात. इन्स्क्रिप्ट कळपाटावर ‘ऱ’ला स्वतंत्र कळ आहे, तर ध्वनीनुसार लिहिणाऱ्या काही साधनांतून जॉइनर येतो, त्यामुळे दोघांनी लिहिलेल्या फाइलींत ‘व्हॉइड-व्हेरिएबल’ हा संदेश डोळ्यांसमोर असलेल्या नावाबद्दल दिसू शकतो. अशा वेळी त्या अक्षरावर कर्सर ठेवून ‘कंट्रोल-यू कंट्रोल-एक्स बरोबरचे-चिन्ह’ दाबावे. इमॅक्स त्या अक्षराची माहिती त्याच्या संकेतांकासह दाखवतो.

देवनागरी आकड्यांचेही असेच आहे. कोडमध्ये ‘१०’ असे देवनागरीत लिहिले, तर लिस्प त्याला संख्या मानत नाही, सिम्बॉल मानतो, आणि मूल्य नसल्याची तक्रार करतो. संख्या 1, 2, 3 अशा इंग्रजी आकड्यांतच लिहाव्यात. जे पॅकेज जगभर वाटायचे आहे, त्यात मी सर्व नावे रोमन लिपीत ठेवीन. वाचनालयाच्या घरगुती फाइलींत देवनागरी नावे ठेवण्यात मला काहीच गैर वाटत नाही, फक्त पुढील तपासणी अधूनमधून करावी.

सर्व फाइली लोड करून ‘मॅपॲटम्स’ने ओबअ‍ॅरेमधील प्रत्येक सिम्बॉलवरून जावे. ज्याचे नाव ‘ग्रंथसूची-’ने सुरू होते, त्याच्या नावावर ‘यूसीएस-नॉर्मलाइझ-एनएफसी-स्ट्रिंग’ चालवावे. त्याने पहिले दोन प्रकार एकरूप होतात, परंतु जॉइनर तसाच राहतो, म्हणून ‘र’, हलन्त आणि जॉइनर या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालण्याची बदली स्वतः करावी. मिळालेली स्ट्रिंग हॅश-टेबलमध्ये किल्ली म्हणून ठेवावी आणि मूळ सिम्बॉल तिच्या यादीत जोडावा. हॅश-टेबल करताना तुलनेसाठी ‘इक्वल’ सांगण्यास विसरू नये, नाहीतर सारख्या स्ट्रिंगही वेगळ्या समजल्या जातील. शेवटी ज्या किल्लीखाली एकाहून अधिक सिम्बॉल असतील, त्या नावांत भेसळ आहे. ती सापडल्यावर ‘मेटा-टक्केचिन्ह’ने एकेका फाइलीत बदली करत सगळीकडे एकच रूप करून घ्यावे आणि त्यानंतर इमॅक्स बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण चालू सत्रात जुना सिम्बॉल त्याच्या जुन्या फंक्शनसह कोठारात तसाच राहतो. ‘अनइंटर्न’ने तो काढता येतो, पण आधी वाचला गेलेला कोड जुन्या सिम्बॉललाच धरून असतो, म्हणून त्या वाटेला न जाता सत्र नव्याने सुरू करणेच बरे.